शिडीवरचा पायलट, शिडीखालचे आम्ही

एका ताईंनी विचारलं आहे: "माझा धाकटा भाऊ हवाईदलात एअरमन म्हणून लागला. ट्रेनिंग संपवून नुकताच एका फायटर स्क्वाड्रनमध्ये एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाचा सांगाडा सांभाळणारा, म्हणून रुजू झालाय. फोनवर सांगतो की पायलट लोक टेक्निशियनना सारखे टोमणे मारतात आणि टेक्निशियनही त्यांना सोडत नाहीत. तो हसत सांगतो, पण मला काळजी वाटते. ही नुसती चेष्टा असते, की आतून वैर असतं? त्यानं यात पडावं का?"

ताई, मी २८ वर्षं हवाईदलात इंजिन फिटर होतो. बेळगावजवळ सांबऱ्याला बेसिक ट्रेनिंग, तांबरमला ट्रेडचं, म्हणजे नेमून दिलेल्या कामाचं शिक्षण, मग बरीच वर्षं मिग-२१ च्या स्क्वाड्रनमध्ये, आणि शेवटची काही वर्षं लोहगाव आणि ओझरला. वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. तेव्हा सांगतो ते टार्मॅकवर, विमानं उभी असतात त्या फरशीवर, उभं राहून पाहिलेलं सांगतो. चेष्टा खरी आहे आणि चुरसही खरी आहे. तुमच्या भावानं त्यात जरूर पडावं. मात्र तोंड कुठे उघडायचं आणि कुठे मिटायचं, हे त्याला पहिल्या सहा महिन्यांत शिकावं लागेल.

मला स्वतःला हे नवीन नव्हतं. माझे वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. रात्री त्यांचा डबा घेऊन मी डेपोत जायचो. गाडी आत आली की ड्रायव्हर कागदावर लिहायचा, "ब्रेक कमी लागतात." वडील पिटमधूनच ओरडायचे, "ब्रेक लागतात रे, तूच उशिरा मारतोस!" ड्रायव्हर म्हणायचा, "मग उद्या घाटात चला माझ्याबरोबर." आणि वडील कधी कधी खरंच जायचे. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून घाट उतरायचे, परत येऊन मुकाट्यानं ब्रेक उघडायचे. पुढे स्क्वाड्रनमध्ये पोचलो तेव्हा गणवेश बदलला होता, बोली बदलली होती, पण भांडण तेच होतं. यंत्र चालवणारा म्हणतो बिघाड यंत्रात आहे, यंत्र सांभाळणारा म्हणतो बिघाड चालवण्यात आहे. आणि दोघांनाही मनातून ठाऊक असतं की दुसऱ्याशिवाय आपलं चालणार नाही.

पायलट आम्हाला काय म्हणायचे? "विमान तुमच्या हँगरमध्ये धडधाकट जातं आणि आजारी होऊन बाहेर येतं." "पंखाखाली सावली चांगली पडते ना?" आम्ही म्हणायचो, "विमान आमचं आहे सर, तुम्हाला पाऊण तासासाठी उसनं देतो. जसं नेताय तसं परत आणा." हे शेवटचं वाक्य जगभरातले टेक्निशियन आपापल्या भाषेत म्हणतात. अमेरिकन हवाईदलात तर विमानावर पायलटच्या नावाबरोबर त्या विमानाच्या क्रू चीफचंही नाव रंगवतात, म्हणजे मालकी कुणाची हा वाद त्यांनी पत्र्यावरच लिहून ठेवलाय.

आमची आपसातली चुरस वेगळीच. इंजिनवाले, एअरफ्रेमवाले, इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंट, रेडिओ, वेपन, सेफ्टी इक्विपमेंट असे सगळे ट्रेड एकाच विमानाभोवती काम करतात आणि प्रत्येकाला वाटतं की विमान आपल्यामुळे उडतं. आमच्याकडे एअरफ्रेमवाल्यांना 'पत्रेवाले' आणि इन्स्ट्रुमेंटवाल्यांना 'घड्याळजी' म्हणत. ब्रिटिश हवाईदलात इंजिनवाल्यांना काजळीवरून 'सूटी' म्हणतात. पायलट समोर आला की मात्र हे सगळे ट्रेड एक होतात, जशा एरवी भांडणाऱ्या जावा बाहेरचं कुणी बोललं की एका सुरात बोलायला लागतात.

आता ही चेष्टा इतकी घट्ट का रुजली, ते समजून घ्यायला हवं. पायलट असतो ऑफिसर. कधी कधी २३-२४ वर्षांचं पोर. त्याच्या विमानाला हात लावणारा सार्जंट किंवा वॉरंट ऑफिसर ४० च्या पुढचा. त्या विमानावर त्याची जितकी वर्षं गेली, तितके महिनेही त्या पोराचे गेलेले नसतात. तरी सॅल्यूट थोरल्यानं धाकट्याला करायचा. उलट बाजूनं पाहिलं तर त्या पोराचा जीव थोरल्याच्या हातात. हुद्दा एकीकडे झुकतो आणि अनुभव दुसरीकडे. शिस्तीच्या नोकरीत कॉर्पोरल उठून स्क्वाड्रन लीडरला "तुमचं चुकतंय" असं म्हणू शकत नाही. पण "सर, आज टायरवर राग होता का?" असं म्हणू शकतो. त्या एका वाक्यात ब्रेक जास्त मारलात, टायर झिजलाय, लँडिंगला वेग जास्त होता, हे सगळं येऊन जातं. ऐकणारा हसतो आणि पुढच्या वेळी वेग सांभाळतो. मिग-२१ जमिनीला टेकायचं तेव्हा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास असायचा, मागून पॅराशूट उघडायचं तेव्हा कुठे ते आवाक्यात यायचं. अशा विमानाच्या टायरबद्दल बोलण्याची सोय असणं ही जिवाची गोष्ट होती. आमच्याकडे रीत होती की ज्याचा टायर फुटला त्यानं टार्मॅकवरच्या सगळ्यांना समोसे द्यायचे. विंग कमांडरनंही दिलेत.

ही वीण आपल्या हवाईदलाच्या जन्मापासूनची आहे. ८ ऑक्टोबर १९३२ ला हवाईदल स्थापन झालं. १ एप्रिल १९३३ ला कराचीच्या ड्रिग रोडला पहिली तुकडी उभी राहिली तेव्हा तिच्याकडे ४ वापिटी विमानं, ६ ऑफिसर आणि १९ हवाई शिपाई होते. तेव्हापासून कॉकपिटच्या शिडीच्या वरचे थोडे आणि खालचे जास्त. त्या काळातल्या हवाई शिपायांतलेच एक हरजिंदर सिंग. इंजिनिअरिंग शिकलेला माणूस शिपाई म्हणून भरती झाला आणि पुढे एअर व्हाइस मार्शल होऊन मेंटेनन्स कमांडचा प्रमुख झाला. त्या कमांडचं मुख्यालय आज आपल्या नागपूरला आहे. दुसरी गोष्ट मी नव्या पोरांना नेहमी सांगायचो ती लिबरेटर बॉम्बरची. महायुद्ध संपल्यावर ही चार इंजिनांची विमानं कानपूरला मोडीत निघालेली पडली होती. बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या मेकॅनिकांनी ती तिथेच जेमतेम उडण्यालायक केली आणि कंपनीचे पायलट जमशेद मुन्शी यांनी एकेक करून ती बंगळुरूला उडवत नेली. अशी ४२ विमानं पुन्हा उभी राहिली. मोडीतून उठवलेल्या विमानात बसणाऱ्या पायलटला ते उठवणाऱ्याच्या हातावर किती भरवसा ठेवावा लागला असेल, याचा विचार केला की अजूनही अंगावर काटा येतो.

आता माझ्यासमोर घडलेली एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण चेष्टा कुठे कामाला येते आणि कुठे नडते, दोन्ही तिच्यात आहे.

मे महिना, रेताड मुलुखातला तळ. दुपारी विमानाच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसे. एक तरुण फ्लाइंग ऑफिसर उतरला आणि त्यानं फॉर्म ७०० मध्ये लिहिलं की आरपीएमची, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांची सुई थरथरते. फॉर्म ७०० म्हणजे प्रत्येक विमानाची वही. सगळे ट्रेड आपापलं काम करून तीत सही करतात, पायलट ती वाचून सही करतो आणि मगच विमान ताब्यात घेतो. उतरल्यावर पुन्हा लिहितो, काय बिघडलं, काय नाही. मी इंजिन सुरू करून पाहिलं. सुई खिळ्यासारखी स्थिर. इन्स्ट्रुमेंटचा कॉर्पोरल म्हणाला, "माझं मीटर ठीक आहे, तुझं इंजिन बघ." मी म्हणालो, "माझं इंजिन ठीक आहे, तुझं घड्याळ बघ." शेवटी लिहिलं, जमिनीवर तपासलं, ठीक आढळलं. दुसऱ्या दिवशी वेगळ्या पायलटनं तेच विमान नेलं, काही तक्रार नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा तो तरुण गेला आणि पुन्हा सुई थरथरली. तेव्हा आमचा कॉर्पोरल सगळ्यांसमोर बोलून गेला, "सर, सुई नाही, तुमचा हात थरथरतो."

सगळे हसले. तो पोरगाही हसला, पण त्याचे कान लाल झाले. मला ते दिसलं. तेव्हाच मी बोलायला हवं होतं. बोललो नाही.

'जमिनीवर तपासलं, ठीक आढळलं' हे वाक्य पायलट आणि टेक्निशियन यांच्यातल्या निम्म्या भांडणांचं मूळ आहे. पायलटला वाटतं आपल्याला खोटं ठरवलं. टेक्निशियनला वाटतं आपल्या माथी भूत मारलं. खरं म्हणजे दोघेही खरं बोलत असतात. वर विमान वळतं तेव्हा प्रत्येक वस्तूचं वजन चारपट-पाचपट होतं, वायरींचे जुडगे ओढले जातात, पत्रा किंचित वाकतो. उंचीवर बाहेर कडाक्याची थंडी, धातू आकसतो. उतरून टार्मॅकवर आलं की त्यातलं काहीच नसतं. जो बिघाड फक्त वळणात किंवा थंडीत प्रकट होतो, तो जमिनीवर कसा सापडणार? महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांनी यासाठी ग्रेम्लिन नावाचं एक खोडकर भूतच कल्पिलं होतं. बिघाड ग्रेम्लिननं केला म्हटलं की ना पायलट दोषी, ना मेकॅनिक. मला त्या कल्पनेत फार शहाणपण दिसतं. दोघांच्या मध्ये एक तिसरा उभा केला आणि त्याच्यावर राग काढला.

आमचा तो पोरगा हट्टाला पेटला. चौथ्या दिवशी उतरला तो मांडीवरच्या नीपॅडवर बारीक अक्षरात सगळं टिपून घेऊन. किती उंची, किती वेग, डावं वळण की उजवं, किती जी (म्हणजे वजन कितीपट झालं), थ्रॉटल कुठे होता, सुई किती वेळ थरथरली. शिडीवरून उतरून थेट त्या कॉर्पोरलपुढे कागद धरला. म्हणाला, "हात थरथरत असता तर हे लिहिता आलं नसतं." कॉर्पोरलनं कागद वाचला. फक्त डाव्या वळणात, फक्त चार जीच्या वर. त्यानं एक शब्द न बोलता पॅनेल उघडलं, इंजिनाचा वेग मोजणाऱ्या टॅकोजनरेटरच्या वायरींना मीटर लावलं आणि वायरींचा जुडगा हातानं एका बाजूला ओढला. मीटरची सुई पडली. सोडला, सुई आली. कनेक्टरमधली एक पिन सैल होती, डोळ्यांना दिसतही नव्हती. दुसऱ्या दिवशीचा पायलट सरळ उड्डाण करून आला होता, त्यामुळे त्याला काही जाणवलं नव्हतं.

संध्याकाळी कॉर्पोरल त्या फ्लाइंग ऑफिसरपुढे जाऊन उभा राहिला, सॅल्यूट केला आणि म्हणाला, "सर, तपासलं. हात ठीक आढळला." माफी होती ती. सगळ्यांसमोर केलेली चेष्टा त्यानं सगळ्यांसमोरच परत घेतली, आणि तीही चेष्टेच्याच भाषेत, म्हणून समोरच्याला ती घेता आली. त्या दिवसापासून तो पोरगा काही वेगळं वाटलं की फॉर्ममध्ये लिहिण्याआधी आमच्या शेडमध्ये येऊन बसायचा आणि हातवारे करून सांगायचा. आज तो निवृत्त ग्रुप कॅप्टन आहे. दर दिवाळीला त्याचा फोन येतो.

मोबाइलवर फिरणारी एक यादी तुम्ही पाहिली असेल. पायलट लिहितो, कॉकपिटमध्ये काहीतरी सैल आहे. खाली मेकॅनिकचं उत्तर, कॉकपिटमध्ये काहीतरी घट्ट केलं. लोक ती खरी समजून पाठवतात. तुमच्या भावाला सांगा, फॉर्म ७०० मध्ये असलं एक अक्षरही कुणी लिहीत नाही, आणि त्यानं तर स्वप्नातही लिहू नये. ती वही म्हणजे कायदेशीर कागद आहे. अपघात झाला की पहिल्यांदा तीच सील होते. चेष्टा तोंडी राहते, टार्मॅकवर आणि चहाच्या टपरीवर. वहीत फक्त खरं.

यातून माझ्या मनात पक्कं बसलेली गोष्ट अशी की चेष्टा चांगली की वाईट हे ओळखायची एकच खूण आहे. तिच्यामुळे माणूस जास्त सांगायला लागतो की कमी? टायरचे समोसे देणारा पायलट टायरबद्दल मोकळेपणानं बोलतो. 'हात थरथरतो' ऐकलेला पायलट पुढच्या वेळी गप्प बसला असता, तर ती सैल पिन तशीच राहिली असती.

ओव्हर-जीचं उदाहरण घ्या. विमानाला जितकं वळण सोसतं त्यापेक्षा जास्त पायलटनं दिलं, तर ते उतरल्यावर सांगावं लागतं. मग आम्ही रात्रभर पॅनेल उघडून बसतो, रिव्हेट तपासतो, पंखांचे जोड, इंजिनाचे जोड बघतो. कॉकपिटमध्ये जी दाखवणाऱ्या मीटरची एक सुई कमाल आकड्यावर अडकून राहते, पण बटण दाबलं की ती परत जागेवर येते. म्हणजे लपवायचं ठरवलं तर निदान तेवढ्यापुरतं लपवता येतं. रेकॉर्डरमध्ये नंतर सापडेल, पण तोवर तेच विमान दुसऱ्या कुणाला घेऊन वर गेलेलं असू शकतं. आता विचार करा, ज्यानं खरं सांगितलं त्याला आम्ही महिनाभर "आमची रात्र खाल्लीत" म्हणून टोचत राहिलो, तर पुढचा पायलट ते बटण दाबण्याच्या मोहात पडणार नाही कशावरून? मी सार्जंट झाल्यावर माझ्या शिफ्टला सांगून ठेवलं होतं: कुरकुर करायची तर माझ्याकडे करा. ओव्हर-जी सांगणाऱ्या पायलटला त्या रात्री पहिला चहा आपण द्यायचा.

तेच आमच्या बाजूनं हत्यारांचं. काम संपल्यावर प्रत्येक पाना, प्रत्येक स्क्रू-ड्रायव्हर बोर्डवरच्या आपल्या आकृतीत परत लागला पाहिजे. एक जरी कमी असला तरी विमान सुटत नाही, कारण तो इंजिनाच्या तोंडात किंवा कंट्रोलच्या तारांमध्ये पडलेला असू शकतो. एकदा एका नव्या एलएसीनं (लीडिंग एअरक्राफ्ट्समन, खालच्या हुद्द्याचा एअरमन) स्वतः येऊन सांगितलं की त्याचा छोटा पेचकस सापडत नाही. उड्डाणं थांबली. पायलट जी-सूट (वळणात पाय-पोट आवळून धरणारा पोशाख) घालून घामानं निथळत दीड तास बसून होते. एकानं आवाज दिला, "पेचकस मिळाला की उठवा रे!" तेव्हा आमचे कमांडिंग ऑफिसर, स्वतः पायलट, क्रू रूममधून बाहेर आले आणि त्या पोराबरोबर गुडघ्यावर बसून शोधायला लागले. पेचकस सापडला एका ट्रॉलीच्या चाकाच्या खोबणीत. सीओंनी त्या पोराच्या पाठीवर हात ठेवला आणि पायलटांकडे वळून म्हणाले, "यानं सांगितलं नसतं तर तुमच्यापैकी कुणाला मी शोधत असतो." त्यानंतर त्या पोराची चेष्टा कुणी केली नाही. ज्यानं स्वतःची चूक स्वतः सांगितली, त्याची चेष्टा नाही. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण चांगल्या स्क्वाड्रनमध्ये तो पाळला जातो.

वाईट स्क्वाड्रनही मी पाहिली आहे. तिचं नाव घेत नाही. तिथे दोन-तीन सीनियर पायलटांची चेष्टा तुच्छतेत गेली होती. नावानं हाक नाही, "ए, तू" असं. सही करताना वही न वाचता फेकून द्यायची. आमच्या लोकांनी भांडण केलं नाही. ते नुसते गप्प झाले. सांगितलेलं काम चोख, त्याबाहेर एक शब्द नाही. "सर, काल या विमानाचा ब्रेक जरा मऊ वाटला होता, बदललाय, पण लक्ष ठेवा," असं शिडीवर वाकून कानात सांगणं बंद झालं. बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याला वाटलं असतं, काय शिस्तीची स्क्वाड्रन आहे! मला तिथे रोज भीती वाटायची. ताई, तुमच्या भावाच्या फोनवर पायलटांच्या चेष्टेचे किस्से येतायत तोवर निश्चिंत राहा. ते यायचे थांबले आणि तो नुसतं "ठीक चाललंय" म्हणायला लागला, तर मात्र खोदून विचारा.

१९९९ मध्ये कारगिलच्या वेळी ग्वाल्हेरच्या मिराज-२००० वर लेझरनं नेम धरणारे पॉड आणि लेझर-गायडेड बॉम्ब अगदी थोड्या दिवसांत कामाला लावले गेले. १७ जूनला मुंथो ढालोच्या शत्रूच्या रसदतळावर आणि २४ जूनला टायगर हिलवर मिराजनी केलेले हल्ले जगजाहीर आहेत. मी तिथे नव्हतो, पण इतक्या घाईत नवं शस्त्र विमानावर बसवायचं तर वेपन फिटर आणि पायलट यांना एकाच पंखाखाली बसून, हुद्दा बाजूला ठेवून बोलावं लागतं, हे मी छातीठोकपणे सांगतो. तशी बोलायची सवय लढाईच्या दिवशी लागत नाही. ती आधीच्या दहा वर्षांच्या चहातून आलेली असते.

हेलिकॉप्टर आणि मालवाहू विमानांकडे हे थोडं सोपं असतं, कारण तिथे फ्लाइट इंजिनिअर असतो. तो बहुतेकदा आमच्यातूनच निवडलेला, टेक्निकल ट्रेडमधला माणूस. काल हँगरमध्ये होता, आज कॉकपिटमध्ये बसतो. दोन्हीकडची चेष्टा त्याला कळते आणि दोन्हीकडची दुखरी जागाही. शिवाय तिथे पायलट सरळ म्हणू शकतो, "तू दुरुस्त केलंस ना? चल बस मागे, टेस्टला जाऊ." माझ्या वडिलांच्या घाटासारखंच.

पैशाचा मुद्दा निघतो, तो दडवत नाही. फ्लाइंग भत्ता आणि आमचा टेक्निकल भत्ता यांत मोठी तफावत, घरं वेगळी, मेस वेगळे. तरुणपणी हे मलाही खुपायचं. पण ती तक्रार पायलटाकडे करून उपयोग नाही, भत्ते तो ठरवत नाही. आणि बडाखान्याच्या, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र जेवणाच्या रात्री तेच ऑफिसर आपल्या ताटात वाढायला उभे राहतात, तेव्हा तो काटा थोडा बोथट होतो.

आता तुमच्या भावासाठी. तोंड मिटायची पहिली जागा म्हणजे शिडी. पायलट सीटमध्ये बसला की टेक्निशियन शिडीवर चढून त्याचे पट्टे आवळतो, ऑक्सिजनची नळी, जी-सूटची नळी, रेडिओची तार जोडतो. मग इजेक्शन सीटच्या सेफ्टी पिना काढतो आणि हात वर करून पायलटला दाखवतो. पायलट त्या मोजतो. त्या क्षणी दोघांत काहीही हसण्यासारखं नसतं. कॅनॉपी बंद होण्याआधी त्याला दिसणारा शेवटचा चेहरा तुमच्या भावाचा असेल. त्या चेहऱ्यावर कालच्या भांडणाची छटाही नको. जो बिघाड अजून सुटलेला नाही त्याची चेष्टा नको. नव्या पायलटच्या पहिल्या सोलोच्या, म्हणजे एकट्यानं उडवायच्या दिवशी नको. आणि अपघातानंतर तर नाहीच.

माझ्या नोकरीत एकदा आमचं विमान परत आलं नाही. विमान परत यायला हवं ती वेळ उलटून गेली, पुढची पाच मिनिटं गेली, दहा गेली. टार्मॅकवर कुणी बसलं नाही. कागद सील झाले. ज्यांच्या ज्यांच्या सह्या होत्या ते सगळे आपापल्या मनात ते विमान पुन्हा पहिल्या स्क्रूपासून जोडत उभे होते. तासाभरानं कळलं की पायलट इजेक्ट झालाय, गावकऱ्यांनी शेतातून उचललाय, पाठीला मार आहे पण जिवंत आहे. आमच्या सेफ्टी इक्विपमेंटच्या सार्जंटनं ते ऐकलं आणि तो हँगरच्या मागे जाऊन एकटा बसला. पॅराशूट त्यानं घडी केलं होतं. कार्डावर सही त्याची होती.

पुढे चौकशीत बिघाड इंजिनाच्या आत निघाला, आमच्या कुणाच्या सहीचा संबंध नव्हता. अडीच महिन्यांनी तो पायलट काठी टेकत स्क्वाड्रनमध्ये आला. क्रू रूममध्ये गेला नाही. सरळ पॅराशूटच्या शेडमध्ये आला, हातात पेढ्यांचा पुडा. लांब टेबलावर एक पांढरं पॅराशूट पसरलेलं होतं आणि सार्जंट त्याच्या दोऱ्या एकेक करून सरळ करत होता. पायलट दारात उभा राहिला. बोलायचा प्रयत्न केला, आवाज फुटला नाही. सार्जंटचेही डोळे भरले होते. त्यानं हात पुसले, सॅल्यूट केला आणि म्हणाला,

"सर, आमच्या हिशेबात एक पॅराशूट कमी भरतंय. तुम्ही नेलेलं अजून जमा झालेलं नाही."

पायलटनं पेढ्यांचा पुडा टेबलाच्या कडेला ठेवला, काठी भिंतीला टेकवली आणि खिशातून पेन काढलं. "कुठे सही करू?"